किसनच्या वाट्याचं वाण

हिराबायला आधी गिऱ्हाईक पसंत पडावं लागायचं, मगच ती मासळी विकायची. पाटीपुढं बसलेल्या बाईला भाव सांगायच्या आधी ती विचारायची, "घरात खाणारी तोंडा किती?" चार म्हटलं की चार माणसांपुरतीच मासळी. जास्त मागितली की हात आखडता घ्यायची. "कशाला? फ्रिजमदी मारून ठेवाला? ताजा हाय, ताजा खा. उद्या परत ये." एकदा मढच्याच एका बंगल्यात नव्यानं राहायला आलेल्या बाई पापलेटाचं पोट बोटानं दाबदाबून बघायला लागल्या. हिराबायनं ते पापलेट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पाटीत परत ठेवलं. "सोयरीक जमवाला आलीस काय? जा, दुसरीकडं दाब."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हटलं, दोन तोंडं, मी आणि माझी आई. "पोरा?" नाहीत. "घोव?" केला नाही. हे ऐकलं की बाया चुकचुकतात आणि मग माझं डोकं फिरतं. हिराबाय चुकचुकली नाही. "बरा केलास गो," म्हणाली आणि वर दोन बोंबील जास्त टाकले. त्या दिवसापासून मी तिची मास्तरीण आणि ती माझी हिराबाय. अरेतुरेच आमचं.

मढच्या पालिकेच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवलं. राहायला अंधेरीला, तिथून बसनं वेसावे, आणि वेसाव्याहून तरीनं पलीकडे मढ. तरीतून उतरलं की धक्क्यावर पहिली पाटी तिची. आम्ही बौद्ध. माझ्या घरात व्रतं, उपास, पोथ्या यांना थारा नाही, आणि मी स्वभावानं फटकळ. कुणी देवाधर्माचं सांगायला लागलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही हिराबायच्या घरी श्रावणातल्या अमावास्येला, पिठोरीला, मी सात वर्षं न चुकता गेले. ते तिच्या मुलासाठी.

तिला मुलं दोन. मोठी नंदा, धाकटा किसन. नवरा काविळीनं लवकर गेला आणि हिनं दोघांना पाटीवर वाढवलं. किसनची एक अडचण होती, जी कोळीवाड्यात तोंडातून काढायचीसुद्धा चोरी. त्याला बोट लागायची. कोळ्याचा पोरगा, आणि खाडीच्या तोंडाशी गेला की ओकायचा! नातेवाईक हसले, मित्र हसले, हिराबायनं नवस बोलून पाहिले, लिंबू उतरवलं, डोंबल फरक पडला. शेवटी तो शूटिंगच्या बंगल्यांवर जायला लागला. खुर्च्या उचल, दिव्यांचे स्टँड उचल, चहा ने. तिथं मात्र तो खूश होता. एकदा एका युनिटचं सामान ट्रकात भरलं आणि हा त्याच ट्रकात चढला. नंदाला सांगून गेला, "आठ दिवसांत येतंय, आयेला बोल." चौथ्या दिवशी फोन बंद झाला. युनिटवाल्यांना विचारलं तर म्हणाले, तो मध्येच कुठंतरी उतरला, आम्हाला वाटलं घरी गेला.

तक्रार झाली, फोटो छापला, नातेवाईक चार गावं फिरून आले. पत्ता नाही.

लोकांना वाटतं कोळणीचा मुलगा गेला म्हणजे समुद्रातच गेला. मला पुष्कळांनी तसं विचारलंय. हिराबायचं दुःख नेमकं उलटं होतं. "दर्यानं नेला असता तर दर्याच्या नावानं बोटा मोडली असती," ती म्हणायची. "दर्या समोर तरी हाय. याला रस्त्यानं नेला. आता रस्त्याला काय बोलू? कंच्या रस्त्याला बोलू?"

मग तिनं रीतच पाडून घेतली. मढला शूटिंग कुठंही असो, हिराबाय पाटी घेऊन फाटकाशी हजर. वॉचमन ओळखीचे, सोडायचे. आत शिरून ती प्रत्येकाला किसनचा फोटो दाखवायची. एकदा मी सोबत होते. बंगल्याच्या मागं वाळूवर सीन चालला होता. पंधरावीस मुलींना कोळणीची लुगडी नेसवलेली, डोक्याला गजरे, आणि कुणाचं तरी माणूस बुडालंय म्हणून सगळ्यांनी रडायचं होतं. डायरेक्टरनं हिराबायला पाहिलं आणि तो हरखलाच. असली कोळीण! त्याच्या माणसानं येऊन समजावलं, मावशी, काही नाही, फक्त समुद्राकडे बघायचं आणि मुलाला हाक मारून रडायचं.

हिराबायनं पाटी खाली ठेवली. मला वाटलं आता ही शिव्या घालणार. तिनं विचारलं, "मी रडले की हे कुठं कुठं दिसंल?" तो म्हणाला, सगळीकडे, टीव्हीवर, फोनवर, सगळ्या देशात. "मंग रडतंय," ती म्हणाली. कॅमेरा सुरू झाला. हिराबायनं समुद्राकडे पाठ केली, थेट काचेत बघितलं आणि ओरडली, "किसन! माजा पोर दर्यात नाय गेला, तुमच्यात गेला! किसन, आयेचा घर तिथंच हाय रं!" कट, कट, कट. तो माणूस हात जोडून सांगत होता, मावशी, तिकडे बघा, पाण्याकडे. तीन वेळा घेतलं, तीनही वेळा तिनं पाठच केली. शेवटी बाजूला काढलं. तरीतून परतताना मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

आता पिठोरीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या दिवशी आई चौसष्ट योगिनींची पूजा मांडते, पिठाच्या मूर्ती करून किंवा चित्र लावून. कोळीवाड्यात त्यासोबत रानातली रोपटी पुजतात. मग आई भिंतीकडे तोंड करून बसते किंवा उभी राहते, खीरपुरीचं ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरते आणि मागं न बघता विचारते, "अतिथी कोण?" मागून मुलगा म्हणतो, "मी," नाव सांगतो आणि ताट उचलून घेतो. ते वाण. तोच आपल्याकडचा मातृदिन. आईचा दिवस, पण त्या दिवशीही उपाशी आईच आणि वाढणारीही आईच. कप्पाळ!

एका वर्षी वरून पत्रक आलं की शाळेत मातृदिन साजरा करा, एखाद्या मातेला बोलवा. मी हिराबायला बोलावलं. ती हिरवं लुगडं नेसून आली आणि टेबलावर मांडी घालून बसली. मुलांना तिनं कहाणी सांगितली, ती अशी.

"एक सून होती. दरवर्षी सासऱ्याच्या श्राद्धाला तिचा पोर मरायचा. श्रावणातली अवस आयली की पोर गेला. वर्षाला एक. लोका जेवाला बसलेली, आणि घरात मयत. सहा वर्षा सासूनं सोसला. सातव्याला मेलेला पोर तिच्या वटीत घातला आणि बोलली, नीघ. ती गेली रानात. रानात कोन भेटला? झोटिंगाची बायको. ती बोलली, बाय, इथं माजा घोव तुला खाईल, तू पुढं जा, शंकराची पिंडी हाय, बेलाचा झाड हाय, वर चढून बस. बसली. मंग योगिनी आल्या, पूजा केली, ताट वर धरला आणि बोलल्या, अतिथी कोण? ती झाडावरनं उतरली आणि बोलली, मी! त्यांनी तिचे सातही पोर उठवून तिच्या हातात दिले."

एका मुलीनं विचारलं, "पण मेलेली मुलं उठतात का?" मी घाबरले. हिराबाय म्हणाली, "मेलेली नाय उठत गो. ती मेलेली नव्हती. सासूला वाटला मेली. लोकांना लवकर वाटते." मग ती फळ्याकडे वळली, रिकामे हात डोक्यावर धरून विचारलं, "अतिथी कोण?" आणि साठ पोरं एकदम ओरडली, "मी!" इमारत हादरली. हिराबाय वळेना. किती तरी वेळ हात वर तसेच. मी जवळ गेले तर तिचे दात वाजत होते. "एकानंच बोलायचा," ती पुटपुटली. "एवढ्यातला माजा कंचा, कसा कळंल?"

घरी मात्र मागून कुणीच बोलायचं नाही. पहिली तीन वर्षं मी ते पाहिलं. तिन्हीसांजेला ती ताट डोक्यावर घेऊन उभी राहायची. "अतिथी कोण?" थोडं थांबून परत. दंड थरथरायला लागायचे, खीर काठावर यायची, तरी ताट खाली यायचं नाही. नंदा मागं दाराशी उभी असायची, तिचं लक्ष आईच्या दंडांवर. नंदाला त्या ताटातलं मिळत नसे. हिराबायच्या सासूनं घालून दिलेली रीत अशी, की मागून घेतात ते पोरगे, पोरींना नंतर ताटलीत, पुढून. सासूचंच आणखी एक सांगणं होतं. ज्याच्या नावानं वाण घेतलं, त्याचं आयुष्य घेणाराला लागतं. म्हणून कुणी दुसऱ्याच्या नावानं घ्यायचं नाही. हे कुठल्या पोथीत नसेल. पण हिराबायच्या डोक्यात ते दगडावर कोरल्यासारखं होतं. कुणी घेतलं नाही की ती सकाळी खीरपुरी समुद्रात सोडायची, घरात कुणाला बोट लावू द्यायची नाही.

आणि नंदा? बोंबील वाळत घालायची नंदा, पाटी मालाडच्या बाजारात न्यायची नंदा, आईच्या पायाला तेल चोळायची नंदा. लग्नाची दोन स्थळं तिनं "आये एकटी पडंल" म्हणून घालवली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी हिराबायला तोंडावर सुनावलं होतं. तिला राग आला नाही. म्हणाली, "जी हाय तिला काय शोधाचा?"

चौथ्या वर्षी हिराबायला आधीपासूनच ताप होता. दिवसभर निर्जळी. ताट घेऊन उभी राहिली, तीनदा विचारलं, दहादा विचारलं, आणि ताट एका बाजूला कलायला लागलं. मी म्हटलं, पुरे कर गं बाई. ऐकेना. तेव्हा नंदा पुढं झाली. तिनं आवाज जाड केला, घसा दाबून, आणि म्हणाली, "मी. किसन."

ताट तिनं उचललं. हिराबायच्या तोंडून जो आवाज निघाला, तसा आवाज मी आजवर पुन्हा ऐकला नाही. ती वळली. मागं नंदा, हातात ताट, आणि आईला बरं वाटावं म्हणून एक घास तोंडातसुद्धा घातलेला.

हिराबायनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, "खाल्लास तू त्याला."

मी भांडले. अगं, ती तुझ्यासाठी बोलली, तू पडली असतीस, काहीतरी अक्कल वापर! भिंतीशी बोलावं तसं झालं. त्यानंतर तीन वर्षं हिराबायनं नंदाचं नाव घेतलं नाही. एका खोलीत दोघी, एका चुलीवरचं खायच्या, पण माझ्याशी बोलताना ती नंदाला "ती" म्हणायची. "तिला सांग, जाळी भिजतीय." नंदा चार हातांवर उभी असायची. ते ऐकून जाळी उचलायची. मला एकदा म्हणाली, "बाई, मना त्या रात्री भूक पन नव्हती हो."

सहाव्या वर्षी नंदाचा चेहरा सुजायला लागला. पाय सुजले, धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा बोरिवलीच्या एका इस्पितळात डायलिसिस. सकाळी पहिली बस पकडायची, चार तास यंत्राला जोडून पडायचं, संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखं परत यायचं. पाटी बंद झाली.

डॉक्टरांनी हिराबायला सांगितलं, कुणाची तरी किडनी बसवावी लागेल. ही म्हणाली, "माजी काढा. आज काढा." तिथंच पदर खोचून उभी राहिली. तिच्या तपासण्या केल्या, साखर भरमसाट, वय जास्त, जमणार नाही म्हणाले. हिराबायला ते पटेना. "माज्याच पोटातली हाय ना ती? मंग माजा कसा नाय चालत?" तरुण डॉक्टर होता, चांगला होता बिचारा. त्यानं विचारलं, "आजी, हिला सख्खा भाऊ किंवा बहीण आहे का?"

हिराबाय माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं.

मग ती पुन्हा शोधायला लागली. आधी आपल्यासाठी शोधत होती, आता नंदासाठी. मी सुट्टी काढून सोबत गेले. जुन्या युनिटमधल्या एका माणसाला आम्ही अंधेरीत गाठलं, एका ड्रायव्हरला घाटकोपरला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, खरं सांगू, मला त्याचा चेहरापण आठवत नाही." हिराबायनं फोटो पुढं केला. त्यानं नीट बघितला आणि मान हलवली. परतताना ती बसमध्ये एवढंच म्हणाली, "मनापन आता फोटोतलाच आठवते. बाकीचा गेला."

त्याच सुमाराला सात वर्षं भरत आली होती. वस्तीतल्या कुणीतरी शहाणपण शिकवलं, की सात वर्षं पत्ता नसला की कोर्टात जाऊन माणूस मेल्याचा कागद करून घेता येतो. हिराबायनं त्याला दारातून घालवलं. "कागदानं मारता येते, तर कागदानं आणून दाखव!" पण त्या रात्रीपासून तिची झोप गेली, असं नंदा म्हणाली. उठून बसायची आणि झोपलेल्या नंदाच्या छातीकडे बघत राहायची, वरखाली होते की नाही.

सातव्या पिठोरीला मी दुपारीच पोचले. नंदा आदल्या दिवशी डायलिसिस करून आली होती, खाटेवर उशीला टेकून बसलेली, हाताला पट्टी, ओठ काळपटलेले. तिला पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. खीर खायची तिला बंदीच होती म्हणा ना. पूजा झाली. हिराबायनं ताट भरलं. दोन पुऱ्या आणि वाटीत खीर, एरवीपेक्षा पुष्कळ कमी, चारच घासांची. माझ्या ते लक्षात आलं, पण का ते कळलं नाही.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ताट डोक्यावर.

"अतिथी कोण?"

चौथ्या वर्षानंतर नंदा त्या वेळी खोलीतसुद्धा थांबायची नाही, त्या दिवशी उठून जायची ताकद नव्हती एवढंच.

"अतिथी कोण?"

बाहेर कुणाची तरी होडी ओढायचा आवाज.

"नंदे," हिराबाय म्हणाली. तीन वर्षांनी मी तिच्या तोंडून ते नाव ऐकलं. "मागं हायस ना?"

"हाय, आये."

"मंग बोल की गो."

नंदा माझ्याकडे बघायला लागली. "काय बोलू?" ती म्हणाली. "कुनाचा नाव घेऊ?"

मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि ते दोन दंड. ती काय करत होती हे मला तेव्हा कळलं. सात वर्षं तिनं एकच गोष्ट जपली होती, त्याच्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही. त्याचं आयुष्य राखून ठेवलं होतं तिनं, तो कुठंही असो. किडनी तिची चालली नव्हती, त्याची मिळाली नव्हती. आता द्यायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. माझा या कशावर विश्वास नाही. पण त्या वेळी तिनं ते करू नये असंही मला वाटत होतं आणि करावं असंही वाटत होतं.

"किसनचा घे," ती म्हणाली.

"नको, आये."

"घे बोलते ना! त्याचा तुला लागू दे. घे."

मी नंदाला धरून उठवलं. चार पावलं चालायला तिला किती वेळ लागला. तिनं या वेळी आवाज बदलला नाही. तिचा तोच, धाप लागलेला, बाईचा आवाज.

"मी," ती म्हणाली. "किसन."

ताट तिनं दोन्ही हातांनी उचललं आणि तिथंच जमिनीवर बसली. रडत रडत खाल्लं तिनं, पुरी चुरून, खिरीत बुडवून. मी अडवलं नाही. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. हिराबाय भिंतीकडे तोंड करूनच उभी होती. हात अजून वरच होते, रिकामे.

"खाल्लास का रं?" तिनं न वळता विचारलं.

नंदानं घास गिळला. "खाल्ला, आये."

"सगळा?"

"सगळा."

हिराबायनं हात खाली आणले.

"मंग जा, बाला," ती म्हणाली.